समाक्ष क्षीणक

समाक्ष केबलीतून जाणाऱ्या उच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या अधिक असलेल्या) विद्युत् संकेताची शक्ती, त्याचे तरंगरूप शक्यतो न बदलता, ठराविक व ज्ञात प्रमाणात कमी करणारे साधन. व्यवहारात याला ‘ॲटेन्यूएटर’ किंवा नुसते ‘पॅड’ असेही म्हणतात. मध्यभागी एक संवाहक, त्याभोवती विद्युत् अपारक द्रव्य व त्याबाहेर नळीसारखा दुसरा संवाहक अशी एकाच अक्षाभोवतीची रचना असलेल्या प्रेषण मार्गास समाक्ष मार्ग म्हणतात. अशा मार्गात दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली एक लहानशी धातूची नळी जोडली की, क्षीणक बसवला असे होते. विवर्धक संकेत वाढवतो, तर क्षीणक तो घटवतो. परंतु विवर्धकास बाहेरून शक्ती पुरवावी लागते, तशी ती साध्या क्षीणकास लागत नाही. संकेताची जी शक्ती कमी होते तिचे क्षीणकातील रोधकांमध्ये उष्णतेत रूपांतर होते.

सूक्ष्मतरंगांच्या (सु. ०·३ ते ३०० गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या, म्हणजे १ मी. ते १ मिमी. तरंगलांबीच्या विद्युत् चुंबकीय तरंगांच्या) प्रयोगशाळेत होणाऱ्या पुष्कळशा मापनांत क्षीणक हा साखळीतील एक दुवा असतो. त्यामुळे त्याची चूक अंतिम वाचनात जशीच्या तशी उतरते. क्षीणनाच्या मूल्यात ०·५ डेसिबेल इतकी चूक असली, तरी शक्तीच्या मापनात सु. १२ टक्क्यांची चूक येते. निवडच चुकली, तर क्षीणक जळतो आणि पुष्कळदा त्याच्यामागे जोडलेले, त्याहून अनेकपट महाग असलेले मापनयंत्रही निकामी होते. म्हणून क्षीणकाची निवड केवळ त्याच्यावर कोरलेल्या डेसिबेलच्या आकड्यावरून करता येत नाही. त्याची शक्ती सहन करण्याची क्षमता, कंप्रतेचा पल्ला, कनेक्टरचा प्रकार, संरोधाची जुळणी आणि तापमानानुसार होणारा बदल या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो.

इतिहास : सूक्ष्मतरंगांचे क्षीणन नियंत्रित प्रमाणात करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न भारतात झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर तरंगलांबीच्या तरंगांवर प्रयोग केले. दोन लोलक समोरासमोर ठेवून त्यांच्यामधील हवेच्या फटीची जाडी बदलल्यास पलीकडे जाणाऱ्या प्रारणाचे प्रमाण बदलते, असे त्यांनी १८९७ मध्ये दाखविले. ही योजना मोकळ्या जागेतील तरंगांसाठी होती. समाक्ष मार्गाचे एकस्व ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतले होते. रुंद कंप्रतापट्ट वाहून नेणारी समाक्ष केबल मात्र अमेरिकेतील बेल दूरध्वनी संघटनेच्या लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनी १९२९ च्या सुमारास विकसित केली. याच संघटनेत दूरध्वनी मार्गातील घट मोजण्यासाठी डेसिबेल हे एकक रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात रडारचा वेगाने विकास झाला आणि सूक्ष्मतरंग मापनाची साधने मोठ्या प्रमाणावर लागू लागली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रारण प्रयोगशाळेत (१९४०–४५) झालेले काम पुढे २८ खंडांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या काळात पातळ पटलाचे रोधक, लहान आकाराचे कनेक्टर व अर्धसंवाहक स्विच यांच्यामुळे क्षीणकांचा आकार घटत गेला व कंप्रतेचा पल्ला वाढत गेला.

क्षीणनाचे मापन : आदान (आत येणारी) शक्ती व प्रदान (बाहेर पडणारी) शक्ती यांच्या गुणोत्तराच्या १० या आधारांकाच्या लघुगणकाची दहापट म्हणजे डेसिबेलमधील क्षीणन होय. ३ डेसिबेल क्षीणनाने शक्ती सु. निम्मी, ६ डेसिबेलने सु. एक-चतुर्थांश, १० डेसिबेलने एक-दशांश, २० डेसिबेलने एक-शतांश आणि ३० डेसिबेलने एक-सहस्रांश होते. एकामागून एक जोडलेल्या क्षीणकांच्या डेसिबेल मूल्यांची बेरीज करता येते, ही या एककाची मोठी सोय आहे. १ मिलिवॉट ही शक्ती संदर्भ म्हणून घेतल्यास कोणतीही शक्ती ‘डीबीएम’ या एककात मांडता येते. उदा., १ वॉट म्हणजे ३० डीबीएम आणि २० वॉट म्हणजे सु. ४३ डीबीएम. प्रेषित्राची (संकेत प्रक्षेपित करणाऱ्या साधनाची) शक्ती डीबीएममध्ये घेऊन तीतून क्षीणन वजा केले की, मापनयंत्रापाशी पोहोचणारी शक्ती लगेच कळते.

तत्त्व व रचना : क्षीणकाने केवळ शक्ती कमी करणे पुरेसे नसते. दोन्ही बाजूंनी पाहिले असता त्याचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) प्रेषण मार्गाच्या लाक्षणिक संरोधाइतकाच असला पाहिजे. तसे नसल्यास संकेताचा काही भाग परावर्तित होतो. प्रयोगशाळेत व दळणवळणाच्या बहुतेक साधनांत हा संरोध ५० ओहम असतो. हवा हे अपारक असलेल्या समाक्ष मार्गात क्षीणन सर्वांत कमी होण्यास सु. ७७ ओहम, तर जास्तीत जास्त शक्ती वाहून नेण्यास सु. ३० ओहम संरोध अनुकूल असतो. ५० ओहम हा या दोहोंमधील व्यवहार्य मध्य आहे. दूरचित्रवाणीच्या केबलींत ७५ ओहम हे मूल्य प्रचलित आहे.

सर्वांत साध्या क्षीणकात तीन रोधक असतात. ते इंग्रजी टी या अक्षराच्या आकारात (दोन एकसरीत व मधला एक बाहेरील संवाहकाकडे जाणारा) किंवा ग्रीक पाय या अक्षराच्या आकारात (दोन बाहेरील संवाहकाकडे जाणारे व मधला एक एकसरीत) जोडलेले असतात. ५० ओहम मार्गातील १० डेसिबेलच्या टी-आकारी क्षीणकात एकसरीतील प्रत्येक रोधक सु. २६ ओहमचा व मधला सु. ३५ ओहमचा असतो. पाय-आकारी रचनेत बाजूचे रोधक सु. ९६ ओहमचे व मधला सु. ७१ ओहमचा येतो. बाहेरून पाहता दोन्ही रचनांचे वर्तन सारखेच असते. टी-आकारी रचनेत आत येणाऱ्या शक्तीपैकी सु. ५२ टक्के शक्ती पहिल्याच रोधकात, सु. ३३ टक्के मधल्या रोधकात व सु. ५ टक्के शेवटच्या रोधकात उष्णतारूपाने खर्च होते आणि उरलेली १० टक्के बाहेर पडते. उष्णतेचा मुख्य भार आदानाकडील रोधकावर पडतो, ही गोष्ट निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नेहमीच्या इलेक्ट्रॉनीय मंडलांतील तारांची टोके असलेले रोधक येथे चालत नाहीत. १ मिमी. लांबीच्या बारीक तारेची प्रवर्तकता सु. १ नॅनोहेन्री असते. ती कमी कंप्रतेस नगण्य असली, तरी १० गिगॅहर्ट्‌झला तिचा विरोध सु. ६३ ओहम, म्हणजे खुद्द मार्गाच्या संरोधाहूनही अधिक होतो. शिवाय १८ गिगॅहर्ट्‌झला मोकळ्या जागेतील तरंगलांबी केवळ १६·७ मिमी. असते, त्यामुळे काही मिलिमीटर लांबीचा भागही स्वतंत्र प्रेषण मार्गासारखा वागतो. म्हणून सूक्ष्मतरंग क्षीणकात ॲल्युमिना किंवा तत्सम मृत्तिका द्रव्याच्या चकतीवर निकेल-क्रोमियम अथवा टँटॅलम नायट्राइड यांचे अतिशय पातळ पटल निक्षेपित करतात. प्रत्यावर्ती प्रवाह कंप्रता वाढेल तसा संवाहकाच्या पृष्ठभागालगत एकवटतो व त्यामुळे रोध वाढतो. परंतु हे पटल मायक्रोमीटरच्या अंशाइतके पातळ असल्याने प्रवाह त्याच्या सर्व जाडीतून वाहतो आणि रोध कंप्रतेनुसार फारसा बदलत नाही. काही क्षीणकांत तीन सुटे रोधक न ठेवता रोध व क्षीणन सबंध पटलावर विभागलेले असतात. यामुळे उच्च कंप्रतेस अधिक एकसारखे क्षीणन मिळते. जास्त शक्तीच्या क्षीणकांत उष्णता लवकर वाहून नेणारे ॲल्युमिनियम नायट्राइड किंवा बेरिलियम ऑक्साइड वापरतात. बेरिलियम ऑक्साइडाची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसांना गंभीर अपाय होतो. त्यामुळे जळालेला क्षीणक कुतूहलापोटी फोडणे किंवा कानशीने घासणे धोक्याचे असते.

प्रकार : (१) स्थिर क्षीणक : यांचे मूल्य ठराविक असते. ३, ६, १०, २० व ३० डेसिबेल ही नेहमीची मूल्ये होत. रचना साधी व हलते भाग नसल्याने अचूकता व टिकाऊपणा या दोन्ही दृष्टींनी हा प्रकार सर्वांत विश्वासार्ह असतो. मूल्य बदलण्याची गरज नसेल तेथे याचीच निवड करणे इष्ट ठरते.

(२) पायरी क्षीणक : यात अनेक स्थिर क्षीणक स्विचांच्या साहाय्याने मार्गात आणतात किंवा वगळतात. १ डेसिबेलच्या पायऱ्यांनी ० ते ११ डेसिबेल व १० डेसिबेलच्या पायऱ्यांनी ० ते ११० डेसिबेल अशी जोडी वापरल्यास मोठा पल्ला लहान पायऱ्यांनी व्यापता येतो. हे हाताने किंवा विद्युत् चुंबकाने चालवतात. वारंवार त्याच स्थितीत आणल्यास तेच मूल्य कितपत मिळते, म्हणजे पुनरावृत्तिक्षमता, हा यांचा मुख्य निकष होय. एका पायरीवरून दुसरीवर जाताना क्षणभर मार्ग खंडित होऊ शकतो किंवा क्षीणन अपेक्षेपेक्षा कमी होऊ शकते. म्हणून मोठी शक्ती चालू असताना पायरी बदलू नये.

(३) सतत बदलता येणारे क्षीणक : यांपैकी दट्ट्या क्षीणक शास्त्रीय दृष्ट्या विशेष महत्त्वाचा आहे. ज्या कंप्रतेखाली धातूच्या पोकळ नळीतून तरंग पुढे जाऊ शकत नाही, तिला सीमा कंप्रता म्हणतात. त्याहून बऱ्याच कमी कंप्रतेच्या संकेताचे क्षेत्र नळीत अंतराबरोबर घातीय रीतीने घटते, म्हणजे डेसिबेलमधील क्षीणन अंतराच्या सम प्रमाणात वाढते. वर्तुळाकार छेदाच्या नळीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्षेत्ररचनेसाठी हे क्षीणन त्रिज्येइतक्या अंतरास सु. १६ डेसिबेल असते. हे मूल्य नळीच्या त्रिज्येवर, म्हणजे लांबीच्या मापनावर अवलंबून असल्यामुळे असे क्षीणक प्रमाणभूत साधने म्हणून वापरले गेले आहेत. यांचे किमान क्षीणन मात्र बरेच जास्त असते.

(४) इलेक्ट्रॉनीय क्षीणक : यांत पिन डायोड किंवा क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर नियंत्रित रोधक अथवा स्विच म्हणून काम करतात. अंकीय नियंत्रणाच्या एका प्रचलित प्रकारात ०·५ डेसिबेलच्या पायऱ्यांनी ३१·५ डेसिबेलपर्यंत क्षीणन मिळते. सेकंदाच्या अत्यल्प भागात मूल्य बदलणे व लहान आकार हे यांचे गुण आहेत. तथापि ते पूर्णपणे रैखिक नसल्याने प्रबळ संकेतांमुळे त्यांच्यात मुळात नसलेल्या नव्या कंप्रता निर्माण होतात आणि अतिरिक्त शक्तीने ते लवकर निकामी होतात. उपकरणाच्या अंतर्गत स्वयंचलित नियंत्रणासाठी ते उत्तम असले, तरी शक्तिमापनाच्या आदानाशी ते सहसा वापरीत नाहीत.

निवडीचे निकष : शक्ती : निवडीचा आरंभ शक्तीपासून करावा. नेहमीच्या लहान क्षीणकाची सरासरी शक्तीची मर्यादा २५° से. सभोवार तापमानास २ वॉटच्या आसपास असते व तापमान वाढते तशी ती कमी होत जाते. एखाद्या क्षीणकाची मर्यादा २५° से.ला २ वॉट असून ती १२५° से.ला ०·५ वॉटपर्यंत सरळ रेषेत उतरत असेल, तर ७५° से.ला तो १·२५ वॉटच सहन करू शकेल. बंद पेटीत किंवा उन्हाळ्यात उघड्यावर चालणाऱ्या यंत्रणेत ही घट विसरून चालत नाही. रडारसारख्या स्पंदरूप संकेतात सरासरी शक्ती थोडी असूनही शिखर शक्ती फार मोठी असू शकते. तेव्हा दोन्ही मर्यादा तपासाव्या लागतात. मोठ्या शक्तीच्या पुष्कळ क्षीणकांत आदान बाजूचे रोधकच मोठे असतात. असा क्षीणक एकदिश असतो व उलटा जोडल्यास जळतो. म्हणून त्यावरील आदान-प्रदानाच्या खुणा पाहूनच तो जोडावा. रोधक क्षीणकातून एकदिश प्रवाहही वाहतो. मार्गात विवर्धकासाठी एकदिश विद्युत् दाब दिलेला असेल, तर तो अडविणारा घटक आधी बसवावा लागतो.

कंप्रता व कनेक्टर : क्षीणक ज्या कंप्रतेपर्यंत चालतो ती बहुधा त्याच्या कनेक्टरवरून ठरते. बीएनसी कनेक्टर सु. ४ गिगॅहर्ट्‌झपर्यंत, साधा एन-प्रकार सु. ११ व अचूक बनावटीचा एन-प्रकार १८ गिगॅहर्ट्‌झपर्यंत, एसएमए सामान्यतः १८ गिगॅहर्ट्‌झपर्यंत वापरतात. त्यापुढे ३·५ मिमी. (२६·५ गिगॅहर्ट्‌झ), २·९२ मिमी. (४०), २·४ मिमी. (५०), १·८५ मिमी. (सु. ६७) व १ मिमी. (११०) असे कनेक्टर येतात. येथील मिलिमीटर म्हणजे बाहेरील संवाहकाचा आतील व्यास होय. व्यास जितका लहान तितकी अनिष्ट क्षेत्ररचना निर्माण होण्याची कंप्रता उच्च असते, परंतु शक्ती सहन करण्याची क्षमता तितकीच घटते. एसएमए, ३·५ मिमी. व २·९२ मिमी. हे कनेक्टर एकमेकांत बसतात. तथापि सैल मापांचा किंवा झिजलेला एसएमए अचूक कनेक्टरात बसविल्यास त्याच्या मध्य संवाहकास इजा होऊ शकते. ५० ओहमचा एन-प्रकारचा नर कनेक्टर ७५ ओहमच्या मादी कनेक्टरात घातल्यास तर हमखास नुकसान होते, कारण ५० ओहमची मधली पिन अधिक जाड असते. गरजेपेक्षा फार उच्च कंप्रतेचा क्षीणक घेणे हेही शहाणपणाचे नाही. तो महाग, नाजूक व कमी शक्तीचा असतो.

संरोधाची जुळणी : जुळणी कितपत चांगली आहे हे स्थिर तरंग गुणोत्तराने दर्शवितात. आदर्श जुळणीस ते १ असते. दोन घटकांचे गुणोत्तर प्रत्येकी १·५ असल्यास त्यांच्यामधील वारंवार होणाऱ्या परावर्तनांमुळे मापनात सु. ±०·३५ डेसिबेलची अनिश्चितता येते. क्षीणकाचे मूल्य ०·१ डेसिबेलपर्यंत अचूक असले, तरी जुळणी वाईट असल्यास त्या अचूकतेला काही अर्थ उरत नाही. उलट, चांगल्या जुळणीचा क्षीणक वाईट जुळणीवर उपायही ठरतो. भाराकडून परतणारा तरंग क्षीणकातून जाताना व येताना असा दोनदा घटतो. त्यामुळे १० डेसिबेलच्या क्षीणकामागील भार सर्व शक्ती परत फेकत असला, तरी आदानाकडून पाहता परावर्तित शक्ती केवळ एक-शतांश व स्थिर तरंग गुणोत्तर सु. १·२२ दिसते, ३ डेसिबेलच्या क्षीणकाने मात्र ते ३ पर्यंतच उतरते. आंदोलकाची कंप्रता भारातील बदलांमुळे सरकू नये यासाठी त्याच्या प्रदानाशी असा क्षीणक ठेवतात. येथे शक्तीचा काही भाग वाया घालवून स्थैर्य विकत घेतलेले असते.

अचूकता व तापमान : क्षीणकावरील आकडा हे नाममात्र मूल्य असते. प्रत्यक्ष मूल्य कंप्रतेनुसार थोडे बदलते. म्हणून अचूक कामासाठी निरनिराळ्या कंप्रतांना मोजलेल्या मूल्यांचा तक्ता असलेला क्षीणक घ्यावा. तापमान गुणांक दर डेसिबेलमागे दर अंश से.ला ०·०००४ डेसिबेल असल्यास २० डेसिबेलच्या क्षीणकाचे मूल्य ४०° से. तापमानबदलाने ०·३२ डेसिबेलने सरकते. तापलेल्या रोधकांमुळे शक्तीबरोबरही मूल्य किंचित बदलते. यामुळे मर्यादेच्या जेमतेम आत चालविण्यापेक्षा दुप्पट किंवा अधिक क्षमतेचा क्षीणक वापरणे श्रेयस्कर असते. काही विशेष क्षीणकांत तापमानानुसार होणारा बदल मुद्दाम योजलेला असतो. तापमान वाढल्यावर विवर्धकाचे विवर्धन घटते, त्याची भरपाई हे क्षीणक स्वतःचे क्षीणन कमी करून करतात.

गोंगाट व रैखिकता : ग्राहीच्या (संकेत ग्रहण करणाऱ्या साधनाच्या) आदानाशी बसविलेला क्षीणक संकेत घटवतो आणि स्वतःचा औष्णिक गोंगाट मात्र भर घालतो. सामान्य तापमानास त्याच्या डेसिबेल मूल्याइतकाच ग्राहीचा गोंगाट अंक वाढतो. रडारचा पल्ला ग्रहण केलेल्या शक्तीच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून १ डेसिबेलची अनावश्यक घटही पल्ला सु. ५·६ टक्क्यांनी कमी करते. याउलट, संकेत प्रबळ असताना क्षीणक ग्राहीस अतिभारापासून वाचवतो व सत्यशोधनासही उपयोगी पडतो. आदानाशी १ डेसिबेल क्षीणन वाढविल्यास बाहेरून आलेला खरा संकेत १ डेसिबेलनेच घटतो, तर ग्राहीतच निर्माण झालेला तिसऱ्या क्रमाचा मिश्र संकेत ३ डेसिबेलने घटतो. पडद्यावर दिसणारी रेषा खरी की यंत्रानेच निर्माण केलेली, हे या साध्या कसोटीने ओळखता येते.

एक उदाहरण : २ गिगॅहर्ट्‌झला सतत २० वॉट (४३ डीबीएम) शक्ती देणाऱ्या प्रेषित्राचे मापन जास्तीत जास्त १०० मिलिवॉट सहन करणाऱ्या शक्तिमापकाने करावयाचे आहे, असे समजू. मापकाकडे सु. २ मिलिवॉट (३ डीबीएम) पोहोचावेत असे ठरविल्यास ४० डेसिबेल क्षीणन लागते. यासाठी प्रेषित्रालगत पंखे असलेला ५० वॉट क्षमतेचा ३० डेसिबेलचा व त्यामागे २ वॉट क्षमतेचा १० डेसिबेलचा क्षीणक जोडावा. दुसऱ्या क्षीणकावर तेव्हा केवळ २० मिलिवॉट येतात. हीच जोडी उलट क्रमाने लावली, तर एकूण क्षीणन कागदावर तेच राहते. परंतु २ वॉटच्या क्षीणकावर २० वॉट येऊन त्याच्या पहिल्याच रोधकात १० वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. जळताना रोधक कसा तुटेल हे सांगता येत नाही. टी-आकारी क्षीणकातील मधला रोधक तुटला, तर १० डेसिबेलऐवजी सु. ३·६ डेसिबेलच क्षीणन उरते. म्हणजे जे साधन संरक्षणासाठी बसविले तेच निकामी होऊन अधिक शक्ती पुढे सोडते. म्हणूनच मोठ्या शक्तीचा क्षीणक नेहमी उद्‌गमालगत ठेवतात.

इतर उपयोग : पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशक तबकड्या आहेत. अतिशय क्षीण खगोलीय संकेतांसाठी बनविलेल्या या ग्राहींना सूर्याचे प्रारण अतिभारित करू शकते. म्हणून सूर्यासारख्या प्रबळ उद्‌गमांच्या निरीक्षणासाठी त्यांच्यात १४, ३० व ४४ डेसिबेल क्षीणनाची सोय केलेली आहे. या दुर्बिणीच्या कंप्रता बहुतांशी सूक्ष्मतरंगांच्या खालच्या टोकाकडील व त्याहूनही कमी असल्या, तरी तत्त्व तेच आहे. अतिसंवाहक पुंज संगणकांत क्षीणकाचे कार्य वेगळेच असते. नियंत्रणाचा संकेत सामान्य तापमानाकडून निरपेक्ष शून्याजवळ ठेवलेल्या मंडलाकडे नेताना त्याच्याबरोबर औष्णिक गोंगाटही खाली जातो. तो रोखण्यासाठी सु. ४ केल्व्हिन व त्याखालील निरनिराळ्या शीत टप्प्यांवर क्षीणक बसवितात. २० डेसिबेलचा क्षीणक ३०० केल्व्हिनचा गोंगाट सु. ३ केल्व्हिनइतका खाली आणतो. मात्र तो स्वतः थंड असला तरच, अन्यथा त्याचाच गोंगाट पुढे जातो. भ्रमणध्वनीच्या प्रक्षेपण केंद्रांच्या चाचणीत दोन प्रबळ संकेत एकदम वाहत असल्याने धातूंच्या सदोष सांध्यांत निर्माण होणारे मिश्र संकेत अत्यल्प असलेले क्षीणक लागतात. यासाठी पुष्कळदा क्षीणकाऐवजी लांब समाक्ष केबलीची गुंडाळीच वापरतात.

तपासणी व निगा : क्षीणक शाबूत आहे की नाही याची प्राथमिक चाचणी साध्या ओहममापकाने होऊ शकते. ५० ओहमच्या, टी- किंवा पाय-आकारी क्षीणकाचे दुसरे टोक मोकळे ठेवून मध्य व बाह्य संवाहकांमधील रोध मोजल्यास तो ३ डेसिबेलला सु. १५०, ६ डेसिबेलला सु. ८४, १० डेसिबेलला सु. ६१ व २० डेसिबेलला सु. ५१ ओहम आला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी सारखा असला पाहिजे. फरक मोठा असल्यास क्षीणक टाकून द्यावा. एकदिश प्रवाहाची ही चाचणी उत्तीर्ण झाल्याने सूक्ष्मतरंग कंप्रतेचे वर्तन सिद्ध होत नाही; त्यासाठी जालक विश्लेषक या उपकरणाने क्षीणन व परावर्तन दोन्ही कंप्रतेनुसार मोजावी लागतात. अशा मापनाची विश्वसनीयता अखेरीस राष्ट्रीय प्रमाणांशी केलेल्या तुलनेवर अवलंबून असते. भारतात मापनाची राष्ट्रीय प्रमाणे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहेत.

कनेक्टर जोडताना क्षीणकाचे अंग न फिरविता केवळ बाहेरील नट फिरवावा. अन्यथा मधल्या पिना एकमेकींवर घासून झिजतात. अचूक कनेक्टरांसाठी ठराविक पीळ देणारा पाना (३·५ व २·४ मिमी. प्रकारांसाठी सु. ०·९ न्यूटन-मीटर) वापरतात. वापरात नसताना टोकांवर टोपणे लावावीत व जोडणीपूर्वी धूळ व धातूचा कीस यांसाठी टोके तपासावीत. शक्ती बंद करूनच जोडणी सोडावी, कारण मोठ्या शक्तीचा मार्ग अचानक उघडा पडल्यास प्रेषित्रास व काम करणाऱ्यासही इजा होऊ शकते. दीर्घकाळ चालविलेला मोठ्या शक्तीचा क्षीणक हात भाजण्याइतका तापलेला असतो. कोणत्याही क्षीणकावर अतिभार आल्याची शंका असल्यास त्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत तो वेगळा ठेवावा. बाहेरून न दिसणारी त्याची बिघाडी पुढील प्रत्येक मापनात शिरते आणि ज्या आकड्यांवर विश्वास ठेवून यंत्रणा उभारल्या जातात, ते आकडेच चुकीचे ठरतात.